सरासरी बरोबर होती

गणिताच्या मास्तरांचं अक्षर असं, की नापास झालेल्या पोरालाही निकालपत्रक जपून ठेवावंसं वाटे. मोठा कागद अंथरायचा, पट्टीनं रेघा ओढायच्या आणि मग सावकाश, शाई वाळू देत, वर्गाचे गुण मांडायचे. त्या दिवसांत त्यांना हाक मारायची आमची छाती नव्हती.

पुढं शाळेत कॉम्प्युटर आला. मुख्याध्यापक म्हणाले, "मास्तर, आता एक्सेलमध्ये करा. वर, शिक्षण खात्याला, सारांश पाठवायचाय."

मास्तर शिकले. चिमणीनं दाणे टिपावेत तसे एका बोटानं आकडे टिपत गेले. शेवटी नावं अक्षरांच्या क्रमानं लावली. पण नावांचा रकाना तेवढा हलला. गुण होते तिथंच राहिले. एकाचे गुण दुसऱ्याच्या नावासमोर बसले, आणि तसाच निकाल लागला.

ज्याला सगळे भोपळा म्हणत, तो पहिला आला. फळ्यावरचं गणित मास्तरांच्या आधी सोडवणारी शिंप्याची पोर नापास.

काही दिवसांनी भोपळ्यानंच मास्तरांना रस्त्यात गाठलं. "मास्तर, बाप मारायचा थांबलाय, ते बरंय. पण मी पेपर कोराच दिला होता हो."

मास्तर तसेच शाळेत परतले. उत्तरपत्रिका केव्हाच रद्दीत गेल्या होत्या. त्यांनी हजेरीच्या जुन्या क्रमानं नावं लावली, तसं भोपळ्यासमोर शून्य आलं आणि शिंप्याच्या पोरीसमोर सगळ्यात जास्त गुण. धावत ते मुख्याध्यापकांकडं गेले.

"सरासरी चुकली का?"

"नाही."

"पास किती, नापास किती?"

"तेही बरोबर. पण साहेब, पोरं..."

"वर पोरं जात नाहीत, मास्तर. सारांश जातो. तो बरोबर आहे ना? मग उगाच शाळेची अब्रू चव्हाट्यावर आणू नका."

मास्तरांनी घरी कागद अंथरला, रेघा ओढल्या, त्या पोरीचे खरे गुण लिहिले आणि शिंप्याचं दुकान गाठलं. पोर मशीनवर बसली होती.

"या," शिंपी म्हणाला. "शाळेतून काढली तिला. तुम्हीच नापास केलीत. म्हटलं, काजं-बटणं तरी शिकेल."

"चूक माझी झाली. ही पहिली आहे."

शिंप्यानं कागद उलटून पाहिला. "शाळेचा शिक्का कुठंय?"

मास्तर पोरीकडं वळून म्हणाले, "बाळ, तू तरी सांग. पेपर कसा गेला होता तुला?"

"मला वाटलं होतं, चांगला गेला." ती खाली बघत म्हणाली. "तुम्हाला दया आली माझी, कळतं मला. पण मास्तर, कॉम्प्युटर कुठं चुकतो?"

तिनं त्या सुंदर अक्षराची नीट घडी घातली, कात्रीखाली ठेवली आणि मशीन पुन्हा सुरू केलं.