यशोधराची मेमरी-पट्टी

यशोधराला काही फेकवत नसे, त्यानेच तिचा घात केला. १९९८ साली आम्ही दोघं कर्जतच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. पोरांच्या मशीनमधली मेमरीची पट्टी बिघडली की त्यांना नवी मिळायची, आणि जुनी ही बाई पुसून स्वतःच्या मशीनला लावायची. "अजून चालतीय की!"

त्याच मशीनवर तिने मासिकासोबत आलेल्या फुकट सीडीवरून लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घातली. मराठी अक्षरं छापणारा एक प्रोग्राम तिला त्यावर कंपाइल करायचा, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा रूपात आणायचा होता. काम मध्येच बंद पडे, दर वेळी वेगळ्याच फायलीवर. चूक प्रोग्राममध्येच आहे असं धरून ती वर्षभर धडधाकट ओळी दुरुस्त करत बसली. क्लासचे मालक हसायचे. मला त्यांचा संताप यायचा, अन् तिचाही.

शेवटी पुण्याच्या एका जाणकाराने फोनवर सांगितलं, "दर वेळी जागा बदलते ना? मग प्रोग्राम ठीक आहे. मेमरी खराब आहे."

तोवर प्रोग्रामची तिने पार चाळण केली होती, आणि पुन्हा पुन्हा घालून सीडीवर चरे पडले होते.

तिने पट्टी काढून पुसली.

"आता तरी मालकांकडे नवी माग," मी ओरडलो.

"नवी आली तर पोरांना लागंल," ती म्हणाली, आणि तीच पट्टी पुन्हा बसवली.