बाळ मजेत आहे

खडकीहून दोन बस बदलून एक बाई कोथरूडला गरोदर बायकांसाठीच्या माझ्या योगवर्गाला यायच्या. आल्या की बुरखा काढून त्याची चौकोनी घडी करायच्या आणि शवासनात तीच गुडघ्यांखाली उशीसारखी घ्यायच्या. वर्गातल्या एकीनं त्यांना विचारलं, "तुमच्यात योगासनं चालतात का हो?" त्या म्हणाल्या, "गुडघे आमच्यातही दुखतात." पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

वर्गाच्या सुरुवातीला मी प्रत्येकीला विचारते, "आज कशा आहात?" मग कुणाची कंबर निघते, कुणाची सासू. यांचं उत्तर मात्र ठरलेलं, "बाळ मजेत आहे, मॅडम." मी विचारायचे बाईंचं, त्या सांगायच्या बाळाचं. मला नवल वाटायचं, थोडा रागही यायचा.

बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी एका सकाळी त्या एकट्याच आल्या.

"अहो, हा वर्ग गरोदर बायकांचा आहे," मी म्हटलं.

त्यांनी बुरख्याची घडी केली आणि नेहमीच्या जागी बसल्या. त्यांचा नंबर आल्यावर मी सवयीनं विचारलं, "आज कशा आहात?"

"बाळ मजेत आहे, मॅडम." मग सतरंजीकडे बघत त्या म्हणाल्या, "आता माझं विचारा."