दगडावरचा चुना

चार वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

दाजी म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सेनगावच्या मागच्या डोंगरापासून अजिंठ्याची रांग धरून पश्चिमेकडं चालत जायचं, हे खूळ त्यांचं. एका दमात नव्हे. सुट्टी मिळेल तसा एकेक तुकडा. जिथं थांबलो तिथूनच पुढच्या वेळी पाय उचलायचा, मधलं पाऊलही सोडायचं नाही, असा त्यांचा नेम. दोघंही तंबाखू खाणारे. दाजींचं अंग जड, म्हणून मी पुढं असायचो. वाट फुटली की खिशातली चुन्याची डबी काढायची आणि ज्या वाटेनं गेलो तिथल्या दगडावर बोटभर चुना ओढायचा. मागून दाजी तो बघत यायचे. हाका मारून घसा फोडण्यापेक्षा हे बरं.

तिसरा तुकडा. सोयाबीन निघालेलं, तुरी फुलावर. दुपारी तीनच्या सुमाराला वाट फुटली. मी डावीकडच्या दगडावर चुना ओढला आणि निघालो. शंभरेक पावलांवर कमरेइतकं कुसळी गवत, आणि गवताच्या आड एकदम कडा. खाली नाला. मागं वळलो तर वाटेलगतची करवंदीची जाळी हलली, आत गुरगुर झाली. रानडुकरीण, पिलांसकट. काट्याकुट्यांतून आडवा घसरत मी उजव्या वाटेला लागलो आणि खाली जाऊन बसलो.

बसल्यावर चुना आठवला. वर जाऊन पुसायला फार तर दहा मिनिटं लागली असती. मी उठलो नाही. दाजी सावध माणूस, त्यांना कडा दिसेल, असं मनाला सांगत राहिलो. हाकही मारली नाही. डुकरीण ऐकेल म्हणून.

मग ओरडणं ऐकू आलं. एकदाच.

मी पळत वर गेलो, पण गेलो तो आधी त्या फाट्यावर. थुंकी लावून, शर्टाच्या बाहीनं चुना घासला, दगड काळा होईपर्यंत. दाजींचं कण्हणं मला ऐकू येत होतं. दगड काळा झाल्यावर नाल्यात उतरलो.

दाजी दोन माणसांच्या उंचीइतके खाली पडले होते. मांडीचं हाड मोडलेलं. जवळच्या शेतातल्या माणसांनी बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं. दवाखान्यात सगळ्यांसमोर मीच विचारलं, "दाजी, काहून गेलते तिकडं?" दगडावर पांढरं दिसलं, म्हणाले. मी म्हणालो, पाखराची शीट असंल. लोक हसले. दाजीही हसले. तेव्हापासून सासुरवाडीला साडूंच्या ताटात मीठ वाढताना धाकटी मेहुणी त्यांना म्हणते, दाजी, मीठ हाय का शीट, बघून घ्या. अशा वेळी मी पाणी आणायला उठतो.

यंदा, पायात सळई असताना, दाजींनी राहिलेला तुकडा पुरा करायचं काढलं. तुमी चुना लावत पुढं चला, म्हणाले, आता मला चष्मा हाय. आठ दिवस मला नीट झोप नव्हती.

नेमाप्रमाणं त्याच फाट्यावरून निघायचं होतं. दगड तोच. त्यावर काहीच नव्हतं; मला पकडून देईल असं काही उरलंच नव्हतं. दाजी काठीवर रेलून दम खात होते, माझ्या डबीकडं बघत होते. बोट चुन्यात गेलं आणि तिथंच राहिलं. मी सांगून टाकलं. डुकरीण, बाही, सगळं.

दाजी नाल्याकडं वळले. मग एवढंच विचारलं, "आधी चुना पुसला, का आधी माझ्याकडं आलात?"

"आधी चुना."

त्यांनी हात पुढं केला. मी डबी दिली.

"मागून या," म्हणाले, आणि काठी टेकत उजव्या वाटेनं निघाले.

त्यांना पुढं जाऊ देऊन मी निघालो. अर्ध्या तासानं पुन्हा वाट फुटली. इथवर मी कधी आलो नव्हतो. दाजी दिसेनात. दोनदा हाक मारली, ओ आली नाही. डावीकडच्या दगडावर चुना होता. बोट लावून बघितलं, ओला होता. त्या बाजूला कमरेइतकं गवत, आणि गवतापलीकडं काय आहे ते दिसत नव्हतं.

मी चुन्याच्या बाजूनं गवतात शिरलो.