राक्षसाला चेहरा कुणाचा

या गेममध्ये राज्य तयार असतं, राजवाडा तयार असतो, घोडासुद्धा खोगीर चढवून उभा असतो. फक्त माणसं नसतात. म्हणजे माणसांच्या जागा असतात, पण चेहरे कोरे. ते आपण भरायचे. डोळे कसले, नाक केवढं, भुवया कुठवर चढवायच्या, सगळं बटणं दाबून ठरवायचं, आणि मग वाटेल त्याला राजा करायचं, वाटेल त्याला भटारी. मी लग्न होऊन सुरतेला आले, त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या नवऱ्याने हे दोन हातांत मावणारं यंत्र जुन्या मोबाईलच्या दुकानातून आणलं, आणि पहिल्याच सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघांनी आमची अर्धी लिंबायत वस्ती त्या राज्यात नेऊन बसवली.

आमचा किराणावाला राजा झाला, कारण तो गल्ल्यावरून कधी उठत नाही. वरच्या मजल्यावरच्या गुजराती भाभी राजकन्या झाल्या. त्यांना हे कळलं असतं तर त्यांनी मुकुटाचा रंग बदलून मागितला असता. राहिला राक्षस. नवरा गोडादऱ्याला कापडाच्या लूमवर कामाला जातो, तिथल्या मास्तरने त्याची रजा नुकतीच नाकारली होती, त्यामुळे त्याच्या नावावर चर्चाच झाली नाही. हा राक्षस माणसांना खात नाही, नुसते त्यांचे चेहरे पळवतो आणि दिसेल त्याला चिकटवतो. किराणावाल्याचं नाक एका बेडकावर बसलं. भाभींचे डोळे एका मडक्यावर लागले आणि ते मडकं आमच्याकडे बघून पापण्या मिटायला लागलं. नवरा हसता हसता पलंगावरून खाली आला आणि तिथेच लोळत राहिला.

मला या गेमने वेड लावलं ते यातल्या शूरवीरांमुळे. त्यांच्यात शूर कोणी नाही. ऐन लढाईत एक जण झोपतो. दुसरीचं केळं कुणी न विचारता खाल्लेलं असतं, म्हणून ती रुसते आणि राक्षसाकडे पाठ करून बसते. तिसरा घाबरून चौथ्याच्या मागे लपतो. कोणी पडला तरी खरा मरत नाही, पोटात काही गेलं की उठून बसतो. बंदुका घेऊन दात-ओठ खात धावणारी माणसं मी बाकीच्या गेममध्ये पाहिली होती, त्यांच्याशी माझं कधी जमलं नाही. ही मंडळी मात्र थेट माझ्या माहेरची वाटली. आमच्याकडेही कुठलंही काम रुसवाफुगवी आणि खाणंपिणं झाल्याशिवाय सुरूच होत नाही.

माझं सासर त्याच्या अगदी उलट. म्हणजे सासूबाई. सासरे गावाकडे शेती बघतात, त्यामुळे दिवसभर घरात त्या आणि मी. मी त्यांना आत्या म्हणते. आत्या मला कधी रागावल्या नाहीत. कधी टोचून बोलल्या नाहीत. पण चांगलंही काही बोलल्या नाहीत, आणि माझी अडचण तिथेच होती. मी अशी आहे की सकाळी कुणी ‘छान’ म्हटलं तर संध्याकाळपर्यंत उडत असते, आणि कुणी काहीच म्हटलं नाही तर वरणात मीठ पडलं की नाही याचाच विचार करत बसते. मी जीव ओतून वांग्याचं भरीत करायची. आत्या जेवायच्या, ताट धुवायच्या, आणि मी डोळे मोठे करून समोरच उभी राहिले तर म्हणायच्या, “चाली जाई.” म्हणजे चालून जाईल. वर्षभरात माझ्या पदरी पडलेलं कौतुक ते एवढंच. ही बाई आपल्याला मनातून काय समजते, हे कळावं म्हणून मी तळमळत होते.

दुपारी आम्ही दोघी ओट्यावर बसून साड्यांना खडे चिकटवतो. मार्केटमधून गठ्ठे घरी येतात, तसं गल्लीतल्या बऱ्याच जणी करतात. एकदा काम लवकर आटोपलं म्हणून मी गेम काढला. आत्या शेजारी बसून पालक निवडत होत्या. माझा नायक एका घरात शिरला आणि त्याने कोपऱ्यातली पेटी उघडून आतली सोन्याची मोहोर खिशात घातली. असं सगळ्याच गेममध्ये करतात. आत्यांचा हात थांबला.

“काय व, दुसराना घरमा घुशीसन पेटी उघाडस? चोर शे का तो?”

मी सांगितलं की इथे असंच असतं, कोणी काही म्हणत नाही. आत्यांना ते पटलं नाही. मोहोर परत ठेवायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी मला निदान त्या घरातल्या म्हातारीशी बोलायला लावलं. त्यानंतर आमचा नायक कुठल्याही घरात शिरला की आधी सगळ्यांची विचारपूस करायचा आणि पेटीला हात न लावता बाहेर पडायचा. आम्ही त्या राज्यातले सगळ्यांत गरीब आणि सगळ्यांत सभ्य वीर झालो. पालक तसाच राहिला.

आठवडाभरात यंत्र आत्यांच्या हातात गेलं. खडे लावून लावून त्यांची बोटं अशी तयार झालेली की माझ्याआधी त्यांचं बटण दाबून व्हायचं. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण वरून पहिलं म्हणजे मार, दुसरं म्हणजे दवा, तिसरं म्हणजे पळ, हे त्यांनी एकदा विचारून पक्कं केलं. घोटाळा झाला तो गममुळे. खडे चिकटवायचा गम बोटाला लागलेला असताना त्यांनी गेममधल्या दुकानात जाऊन बटण दाबलं, ते आतच चिकटून बसलं, आणि नायक एकामागून एक केळी घेत सुटला. सगळा खजिना केळ्यांत गेला. आत्या घाबरून यंत्र हातभर लांब धरून बसल्या होत्या आणि आतला दुकानदार दर केळ्यामागे त्यांना वाकून नमस्कार करत होता. नवऱ्याने कामावरून आल्यावर सुईने बटण मोकळं केलं. त्या रात्री माझं जेवण झालंच नाही, घास तोंडात घातला की हसू यायचं.

मग एके दिवशी आत्या म्हणाल्या, “आते मना डाव न्यारा मांडी दे.”

मी त्यांचा वेगळा डाव सुरू करून दिला. चेहरे बनवायची वेळ आली तशा त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि पदर पुढे ओढून त्यांनी पडदा झाकला. मी डोकावले तर म्हणाल्या, “तुन्हं काम कर.” मी खडे लावत होते, पण लक्ष कुठे लागतंय? मध्येच त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्या नाकाकडे. नीट, बराच वेळ, साडीचा काठ तपासावा तसं. मग पुन्हा भिंतीकडे वळल्या आणि बटण दाबायला लागल्या. टिक, टिक, टिक. माझं नाक मोठं होत होतं.

म्हणजे मी त्या डावात होते. पण कोण म्हणून?

त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. आत्या रोज दुपारी खेळायच्या आणि पदराआड हसायच्या. ज्या बाईला मी वर्षभर हसवू शकले नव्हते, ती एकटीच खुदखुदत होती. संध्याकाळी मुलाला सांगायच्या, “आज तिले अशी बदाडी काढी मी.” मी पोळी लाटता लाटता कान टवकारायची. बदाडी काढी, म्हणजे बदडून काढलं. पण कुणाला? शेवटी मी धीर करून विचारलं की तुमचा राक्षस बाई आहे की बाप्या.

“बाई शे,” आत्या म्हणाल्या आणि कणीक मळायला लागल्या.

नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “तूच व्हशी.” त्याला ही थट्टा वाटत होती. मी मात्र कामाला लागले. भरितात तेल वाढवलं, आत्यांच्या चहात आलं वाढवलं, त्यांच्या वाट्याच्या साड्यांनाही मीच खडे लावायला लागले. तरी दुसऱ्या दिवशी बदाडी चालूच. यंत्र रिकामं पडलेलं असायचं, गुपचूप उघडून बघणं अवघड नव्हतं. पण दुसऱ्याची पेटी उघडणाऱ्याला ही बाई काय म्हणते ते मी ऐकलेलं होतं. मी नुसती त्याच्या अवतीभवती फिरायची, शेगडीजवळच्या मांजरीसारखी.

आणि मग एका दुपारी त्यांनीच हाक मारली. “आठे ये. देख, काय लिखेल शे.”

पडद्यावर इंग्रजीत लांबलचक मजकूर आला होता आणि आत्या अडल्या होत्या. मी हात पुसत गेले. मजकूर राहिला बाजूला, मी आधी चेहरे बघितले. सगळ्यांत पुढे हातात भलीमोठी तलवार घेतलेली एक तरणी बाई होती, गोल कपाळ, गालावर तीळ. तीळ आत्यांचा. सुरकुत्या तेवढ्या काढून टाकल्या होत्या. तिच्या खांद्याला खांदा लावून दुसरी उभी होती. कढई आणि झारा घेतलेली, टिकली लावलेली, आणि नाक विचारू नका. नाकाचं मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. मी त्यांच्या बाजूला होते. राक्षसाच्या जागी नव्हते, त्यांच्या बाजूला होते. मला उठून गिरकी घ्यावीशी वाटली.

मग राक्षस दिसला. जुळलेल्या भुवया, बारीक डोळे, घट्ट मिटलेले ओठ, कानाच्या पाळ्या लोंबलेल्या. हा चेहरा मी रोज बघते. आमच्या दाराच्या आत, वरच्या बाजूला, हार घातलेल्या फोटोत. आत्यांच्या सासूबाई. मी मान वर करून फोटोकडे बघितलं, खाली पडद्याकडे बघितलं. सकाळची उदबत्ती अजून फोटोसमोर जळून राख होऊन उभी होती. माझ्या तोंडून जे हसू फुटलं ते आवरेना. आत्या आधी लाजल्या, मग त्यांनी पदर तोंडात कोंबला, आणि मग आम्ही दोघी त्या फोटोखाली बसून पोट धरधरून हसलो. भाभी वरून विचारत होत्या काय झालं, आणि आम्हाला सांगता येत नव्हतं.

हसणं ओसरल्यावर आत्या यंत्राकडे बघत म्हणाल्या, “त्यास्नी मले कधी चांगलं म्हनं नही. वाईट बी म्हनं नही. मी वाट देखू, वाट देखू, काहीच नही.” मग म्हणाल्या, “आते मना तोंडमाईन बी शब्द निंघत नही. तुले बी काही म्हनत नही मी. मले येतच नही ते.”

मी पडद्याकडे बघितलं आणि तिथे मला वीरांच्या मधली छोटी हृदयं दिसली. या गेममध्ये दिवस मावळला की वीर धर्मशाळेत मुक्कामाला जातात, आणि कुणाला कुणासोबत खोलीत ठेवायचं ते आपण ठरवायचं असतं. एका खोलीत राहिले की गप्पा होतात, मैत्री वाढते, दोघांमधलं हृदय भरत जातं. तलवारवाली आणि कढईवाली यांच्यामधलं हृदय काठोकाठ भरलं होतं. ते एका मुक्कामात होत नाही, मी खेळलेली आहे. त्यासाठी दर मुक्कामाला त्याच दोघींना एका खोलीत ठेवावं लागतं. मी पोळ्या लाटत काळजी करत होते, तेव्हा रोज दुपारी ही बाई आम्हा दोघींना एकत्र निजवत होती. माझे डोळे भरून आले आणि त्याच वेळी मला परत हसूही येत होतं.

“मना जोडे बठ,” आत्या म्हणाल्या. मी त्यांना चिकटून बसले. लढाई सुरू झाली. राक्षसीण फार चिवट होती. एकदा तिने तलवारवालीला लोळवलं, तेव्हा कढईवालीने धावत जाऊन तिच्या तोंडात केळं घातलं, आणि आत्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. हृदय भरलेले दोघं एकत्र उडी मारून वार करू शकतात. आम्ही तीन वेळा उडी मारली. तिसऱ्या वेळी राक्षसीण खाली बसली, काळा धूर निघाला, आणि धुरातून एक साधी, थकलेली म्हातारी बाहेर आली. चेहरा तोच, नुसत्या भुवया सैल पडलेल्या. पडद्यावर पुन्हा इंग्रजी उमटलं.

“काय म्हनस?” आत्यांनी विचारलं.

मी वाचून सांगितलं. ती विचारते आहे, मला आता जायला जागा नाही, मी तुमच्यासोबत येऊ का. खाली हो आणि नाही.

आत्यांचा अंगठा बटणावर तसाच राहिला. त्यांनी एकदा वर फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि हो दाबलं.

“येऊ दे त्यास्ले,” त्या म्हणाल्या. “पन आपली खोलीमा नही.”