वाळवलेलं सोनचाफ्याचं बी

एकूण एक बी तरंगलं. पातेल्यात पाणी घेऊन मी डबा उलटा केला, तर काळ्या सुरकुतलेल्या बिया पाण्यावर तशाच राहिल्या. हातानं खाली दाबल्या, तरी वर आल्या. भरलेलं बी बुडतं, पोकळ तरंगतं.

माझी थोरली जाऊ उंबऱ्यात बसली होती. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेलेत. "किती बुडल्या?" तिनं विचारलं.

"एकबी न्हाय, अक्का."

"नीट बघितलंस?"

"तरंगल्यात त्या. त्यात नीट काय बघायचं?"

एरवी तिनं मला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी तिनं हात पुढं करून पातेल्यातल्या बिया चाचपल्या. बी सोनचाफ्याचं होतं, आणि ज्या झाडाचं होतं ते आम्ही उन्हाळ्यातच तोडलं होतं.

झाड तिचं. आजऱ्याकडच्या माहेराहून तिनं वीतभर रोप आणलं, ते नवव्या वर्षी फुललं. तोवर मी या घरात धाकटी सून म्हणून आले होते. माहेरचं मूळ झाड पुढं तोडलं गेलं. तिथं आता काजूचा कारखाना आहे. म्हणजे त्या वाणाचं हे एकच उरलेलं.

डोळे गेल्यावर ती झाड हातानं बघायची. नवं पान येताना त्याच्यावर एक टोपरं असतं. ते गळलं की डहाळीवर सगळीकडनं कड्यासारखी खूण राहते. ती अंगठ्यानं कडी चाचपत जायची आणि यंदा किती पानं आली ते सांगायची. फुलाच्या पाकळ्यांखाली वेगळी हिरवी वाटी नसते, बाहेरून आतपर्यंत पाकळ्याच, हेही तिनंच मला दाखवलं. मला दिसत असून मी कधी बघितलं नव्हतं. "चाफा म्हणत्यात सगळ्यांस्नी," ती म्हणायची. "पांढऱ्या चाफ्याची फांदी मोड, चीक गळतोय. त्यो ह्येचा कोण न्हाय. कवठी चाफा ह्येचा सख्खा भाऊ. त्येच्या डहाळीला पण कडी हाईत."

महापुरात आमच्या अंगणात दहा दिवस पाणी उभं होतं. घरात आम्ही दोघीच. आम्ही शहरातल्या एका शाळेत, पूरग्रस्तांच्या छावणीत होतो, म्हैस वर रस्त्याकडेला बांधली होती. परत आलो तेव्हा घरात गुडघाभर गाळ होता, पण झाड हिरवं होतं. मी तिला तसं सांगितलं. महिन्याभरात पानं पिवळी पडायला लागली. नवी टोपरी न उघडताच काळी पडली. मी बुंध्याभोवती चर खणला, गाळ उपसला, ताक ओतलं, कुणी सांगेल ते केलं. नखानं साल खरवडली की आधी आत हिरवं लागायचं, मग तपकिरी लागायला लागलं. त्यापुढं मला काही येत नव्हतं.

मरता मरता झाडानं फळं मात्र धरली. फूल गळल्यावर मधला दांडा लांबतो आणि त्याला खरबरीत फळांचा घोस लागतो. दसऱ्याच्या सुमारास ती उकलली आणि लाल गरातलं बी पांढऱ्या दोऱ्याला लोंबायला लागलं. मी ओंजळभर गोळा केलं.

"आत्ताच टाक की मातीत," जाऊ म्हणाली.

"दसऱ्याला कोण पेरतंय? मृगाला बघू."

"पाखरं काय मृगाची वाट बघत्यात?"

"पाखरांस्नी शेती हाय का, अक्का?"

मी शेतकऱ्याच्या घरची. ज्वारी, दोडका, भोपळा, सगळं बी आम्ही असंच राखलं. गर चोळून काढला, बी गच्चीवर पोत्यावर कडक वाळवलं. दातानं चावलं, कट्ट वाजलं, तेव्हाच राख लावून डब्यात भरलं. ते कट्ट वाजलं म्हणून मला किती बरं वाटलं होतं!

उन्हाळ्यात वाळलेलं झाड विजेच्या तारेवर कललं. माणसं बोलावून तोडायला लावलं. मृगाला डबा उघडला, तेव्हा काय झालं ते वर सांगितलंच.

तरीही मी सगळ्या बिया माती भरलेल्या पिशव्यांत लावल्या. जाऊ रोज सकाळी उठून प्रत्येक पिशवीत बोट घालायची. मी म्हणायची, "उकरू नका, अक्का." ती म्हणायची, "उकरत न्हाय, बघतोय."

दोन महिन्यांनी कॉलेजात झाडांचा विषय शिकवणाऱ्या एक बाई कागद घेऊन आल्या. पुरानंतर कोणाच्या अंगणात काय जगलं, ते त्या घरोघर लिहून घेत होत्या. पिशव्या बघून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजी, हे बी वाळलं की मरतं. ओलं असतानाच पेरायचं असतं."

"आता सांगताय व्हय," मी म्हणाले. त्यांचा काय दोष?

त्या म्हणाल्या, नर्सरीत कलम मिळतं, दोन वर्षांत फुलतं. जावेनं विचारलं, "कुठल्या झाडाचं?"

"ते नाही सांगता येणार, आजी."

"मग ऱ्हाऊ द्या."

ती पिशवीतलं बोट काढून पदराला पुसत होती. माझ्याकडं तोंड करून ती कधीतरी "सांगितलं हुतं की तुला" म्हणेल, म्हणून मी वाट बघत होते. ती म्हणाली नाही. आजपर्यंत म्हणाली नाही.

बाईंनी कागदावर सोनचाफ्यापुढं फुली मारली. कढीपत्ताही मेला होता, त्याच्यापुढं फुली मारली. "मग जगलं काय?"

"लिवा, दोन म्हाताऱ्या," जाऊ म्हणाली.

बाई हसल्या. तसा रकाना त्यांच्या कागदावर नव्हता. त्या पुरातून आमच्या घरचा परसातला नारळ, म्हैस आणि आम्ही दोघी जावा एवढीच वाचलो.