देवरावांच्या दाराची कडी

देवराव गणवीर स्वतःच्या खोलीत शिरताना आधी दाराची कडी दोनदा वाजवत. दाराला कुलूप असे, राहायचे एकटेच. तरी वाजवत, क्षणभर थांबत आणि मग किल्ली लावत.

घुग्घुसच्या त्या आठ खोल्यांच्या चाळीत मी त्यांचा शेजारी होतो. कोळशाच्या एका डेपोत आम्ही दोघे वजनकाट्यावर कामाला. एकदा मी कारण विचारलं. पूर्वी चंद्रपूरला एका संध्याकाळी ते कामावरून परतले, तर घरमालक दुसऱ्या किल्लीने दार उघडून त्यांच्याच खाटेवर बसलेला. भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघत होता. खोली देताना आडनाव विचारायचं राहून गेलं म्हणाला, आणि महिनाअखेर खाली करायला सांगितलं.

"सामान आपलं असते भाऊ, दार मालकाचं," देवराव म्हणत.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात आमच्या मालकाने चाळ विकायला काढली. देवराव सगळ्यांत जुने भाडेकरू, म्हणून आधी त्यांना विचारलं आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. सावली गावातल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, विकून आलेले पैसे देवरावांकडे होते. त्या दिवसापासून कडी वाजायची थांबली. ते सरळ किल्ली लावून आत जात.

कोपऱ्यातल्या खोलीत कौसाबाई राहत. एकट्या, भाजी विकून पोट भरणाऱ्या. त्या दारातूनच देवरावांना म्हणत, "मालक, माह्या खोलीवरचे फुटके कवेलू पहिले बदला, नाई तं भाडं नाई देत."

"तसंही कुठी देता बाई तुम्ही?" देवराव म्हणत. इतके मोकळे हसताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

हिशेब करायला त्यांनी मला बसवलं. किंमत कशीबशी निभत होती. पण मातीच्या भिंती फुगल्या होत्या, छताची लाकडं वाळवीने खाल्ली होती, खाणीत सुरुंग उडाला की जेवणाच्या ताटात माती पडे. दुरुस्तीचा खर्च जवळपास किमतीएवढाच येत होता. त्यासाठी कर्ज काढलं तर भाडं तिप्पट करावं लागणार, आणि बांधकाम संपेपर्यंत आठही खोल्या रिकाम्या हव्यात. तशीच घेतली, तर पावसाळ्यात एखादी भिंत कोणाच्या तरी अंगावर यायची. मी स्पष्ट सांगितलं, घेऊ नका. घ्यायचीच असेल तर आधी भाडेकरू काढा.

देवरावांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "खाली करा हे मी कौसाबाईले कोणत्या तोंडानं सांगू? ते कुठी मांडलं तुम्ही?"

दुसऱ्याने घेतली तर तोही तेच सांगेल, एवढंच मी म्हणालो.

"सांगू द्या. मले नाई जमत."

मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी शेजारी कडी वाजली. दोनदा. कौसाबाईंनीही ऐकली असावी, कारण नंतर त्यांनी देवरावांना कधी मालक म्हटलं नाही.

चाळ एका ट्रकवाल्याने घेतली. त्याला खोल्या नकोच होत्या, ट्रक उभे करायला जागा हवी होती. पावसाळ्याआधी सगळे निघालो. कौसाबाई चिमूरला भावाकडे गेल्या; भाऊ न्यायलाही आला नाही. आपल्या नकाराने एकही खोली वाचली नाही, हे देवरावांना कळत होतं.

फार हिंडल्यावर त्यांना गावाबाहेर पत्र्याची एक खोली मिळाली. हातगाडीवर सामान चढवून झालं होतं, दाराला नव्या मालकाचं कुलूप लागलं होतं. देवराव मागे वळले, दारापाशी गेले, कडी दोनदा वाजवली आणि थांबले. मग येऊन त्यांनी गाडीला हात लावला.

"आत कोणी नाई," ते म्हणाले.