कासऱ्याची जीप

मी आमच्या घरातला पहिला शिकलेला माणूस. ते ज्यांच्यामुळे झालं, ते म्हणजे परभणीच्या तंत्रनिकेतनातले आमचे वर्कशॉपचे सर. कोणतीही गोष्ट पुरी झाली असं ते कधी म्हणत नसत. “टेस्टिंग चालू आहे,” म्हणायचे. नवा शर्ट, ऑफिसातला चहा, स्वतःचं लग्न, सगळ्यांचं टेस्टिंग चालूच.

शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी प्रोजेक्टसाठी लहान मुलांची, बसून पायडल मारायची पत्र्याची जीप घेतली. ती मानवतच्या कौशी नावाच्या शाळकरी पोरीसाठी. पोलिओनं तिचे पाय गेलेले. बाप खांद्यावर बसवून शाळेत न्यायचा. तो रानात गेला की शाळा बुडायची. आम्ही पायडल काढून ट्रकच्या वायपरची मोटर आणि बॅटरी बसवली. हाताशी चालू-बंद करायचं बटण दिलं.

पहिल्या दिवशी कौशीला बसवून जीप चालू केली. “थांबव,” सर तिला म्हणाले.

कौशीनं बटणाकडं पाहिलंही नाही. ती बापाच्या बैलगाडीत वाढलेली. बैल थांबवतात तसं “होऽ होऽ” म्हणत तिनं स्टेअरिंग दोन्ही हातांनी छातीशी ओढलं. ते उपटून हातात आलं आणि जीप प्राचार्यांच्या गुलाबात घुसली.

“वेल्डिंग कच्चं होतं, सर,” मी म्हणालो.

“वेल्डिंगला कशाला बोल लावतो? तिनं बरोबर केलं. गाडीला कासरा कुठंय?”

मग स्टेअरिंगच्या जागी कासरे आले. डावा ओढला की डावीकडं, उजवा ओढला की उजवीकडं, दोन्ही ओढले की मोटर बंद. कौशीच्या बापानं ते हातात धरून पाहिले आणि विचारलं, “आन् बैल?”

“बैल आत हाय, मामा,” सर म्हणाले.

बाप बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत राहिला.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक टाय घालून आले. त्यांनी विचारलं, “स्टेअरिंग?”

“कासरा हाय की,” कौशी म्हणाली आणि निघाली थेट त्यांच्याच अंगावर. साहेब “स्टॉप, स्टॉप” म्हणत मागं सरकायला लागले. जीप त्यांच्यामागं.

“साहेब, होऽ म्हणा,” सर शांतपणे म्हणाले.

साहेबांनी आमच्याकडं पाहिलं, प्राचार्यांकडं पाहिलं, आणि भिंतीला पाठ लागल्यावर “होऽ होऽ” म्हणाले. कौशीनं लगेच दोन्ही कासरे ओढले. आम्ही पास झालो.

पण पुरं झालेलं प्रोजेक्ट कॉलेजच्या स्टोअरला जमा करायचा नियम. आधीच्या पोरांनी केलेली शेंगा फोडायची यंत्रं तिथं उंदरांच्या ताब्यात होती. स्टोअरकीपर कुलूप घेऊन आले. कौशी उतरेना. “माझी हाय,” एवढंच म्हणाली. बाप खाली मान घालून उभा.

सरांनी जीपभोवती एक चक्कर मारली. “हॉर्न कुठंय?”

“लेकरांच्या गाडीला हॉर्न कशाला, सर?” स्टोअरकीपर म्हणाले.

“मग पुरी कशी झाली? टेस्टिंग चालू आहे. मानवतच्या रस्त्यावर.”

“कधीपर्यंत?”

“पोरगी म्हणल तोवर.”

जीप त्याच दिवशी मानवतला गेली.

मला नोकरी लागली तोवर सर निवृत्त होऊन चारठाण्याला, आपल्या गावी गेले होते. त्यांना तिथं पाठवलेलं हे पत्र:

“आदरणीय सरांना साष्टांग नमस्कार. काल मानवतला कौशीकडं गेलो होतो. बॅटरी कधीच गेली. तिच्या बापानं जीपला पुढं बोकड जुंपलाय. मोटरच्या जागेत ती दप्तर ठेवते. गुरुजींनी शाळेबाहेर बोकडासाठी खुंटा ठोकून दिलाय, आणि हजेरी दोघांचीही लागते असं पोरं सांगतात. मोटर पुन्हा बसवता येईल का, ते बघायला मी पुढं वाकलो, तर कौशी म्हणाली, ‘दादा, सरका बाजूला. शाळंला उशीर होयलाय.’

मी सरकलो.

आपला विद्यार्थी.”